संगणकाच्या आरंभ-यादीतील जुनी नोंद : ती का राहते व कशी काढावी

१. विषयाचे प्रयोजन

शाळेतील संगणक सुरू केला असता काही ठिकाणी नेहमीचे चित्र पडद्यावर लगेच येत नाही. आधी एक छोटी यादी दिसते. तीत दोन, क्वचित तीन नावे असतात आणि त्यांपैकी कोणते हवे ते निवडावे, असे संगणक विचारतो. एक नाव चालू व्यवस्थेचे असते. दुसरे नाव अशा व्यवस्थेचे असते की, जी त्या संगणकावर आता उरलेलीच नाही. चुकून त्या दुसऱ्या नावाची निवड झाली, तर आवश्यक ते उपकरण जोडलेले नाही किंवा त्यापर्यंत पोहोचता येत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर उमटतो आणि मुले एका सुरात म्हणतात, “गुरुजी, कॉम्प्युटर बिघडला!”

वस्तुतः संगणक बिघडलेला नसतो. त्याच्या यादीत एक शिळी नोंद राहिलेली असते, एवढेच. परंतु या एवढ्याशा कारणाने संगणकावर कापड घालून तो कोपऱ्यात ठेवून दिला आहे, असे दृश्य शाळाभेटींत पाहावयास मिळते. खेड्यातील पुष्कळ मुलांना संगणक हाताळण्याची संधी शाळेतच काय ती मिळते, आणि तीही आठवड्यातून एखाद्या तासिकेपुरती. ती तासिका एका निरुपयोगी ओळीपायी वाया जाणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, घाईने भलतीच नोंद पुसली गेली तर चांगला चालणारा संगणक खरोखरच बंद पडू शकतो, आणि शाळेची कागदपत्रे त्यात अडकून राहतात. म्हणून हे काम समजून करणे अवश्य आहे. त्याची उपपत्ती आणि कृती दोन्ही येथे क्रमाने दिली आहेत.

२. हजेरीपटाचा दृष्टांत

एखादा विद्यार्थी दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेला. त्याची जागा रिकामी झाली. पण हजेरीपटावरील त्याचे नाव कमी करावयाचे राहून गेले. गुरुजी रोज ते नाव पुकारतात, क्षणभर थांबतात, उत्तर येत नाही आणि मग पुढचे नाव घेतात. येथे मुलगा ही एक गोष्ट आणि पटावरील त्याची नोंद ही दुसरी गोष्ट. मुलगा गेला म्हणून नोंद आपोआप जात नाही. तसेच नोंद खोडली म्हणून वर्गात बसलेला मुलगा नाहीसा होत नाही.

संगणकाचेही असेच आहे. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, हार्ड डिस्कच्या एखाद्या विभागात राहते. ती कोठे आहे आणि तिला कोणत्या नावाने हाक मारावी, याची नोंद मात्र निराळ्या ठिकाणी असते. प्रणाली पुसली तरी नोंद राहते. नोंद पुसली तरी प्रणालीच्या फायली जागच्या जागी राहतात. हा भेद मनात पक्का ठसला की पुढील सर्व कृती सोपी वाटेल.

३. संगणक सुरू होताना काय घडते

विद्युत्प्रवाह सुरू होताच प्रथम संगणकाच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये कायमचा साठविलेला कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास ‘बायोस’ म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. हा कार्यक्रम स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादींची तपासणी करतो आणि नंतर ‘बूट लोडर’ नावाच्या लहान कार्यक्रमाच्या हाती सूत्रे देतो. बूट लोडर आपल्याजवळची यादी पाहतो. यादीत एकच नाव असेल तर तो काही न विचारता ती प्रणाली सुरू करतो. एकाहून अधिक नावे असतील तर ती पडद्यावर मांडून आपल्या उत्तराची वाट पाहतो. विंडोजमध्ये ही वाट पाहण्याची मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. त्या मुदतीत कोणी काही निवडले नाही, तर आधी ठरविलेली, म्हणजे ‘डिफॉल्ट’, प्रणाली सुरू होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिफॉल्ट म्हणून शिळी नोंदच ठरलेली असेल, तर कोणी काही न करताही संगणक दर वेळी अडतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हा त्रास विशेष जाणवतो. कारण तेथे एका दिवसात संगणक अनेकदा नव्याने सुरू करावा लागतो.

विंडोज एक्सपीपर्यंत ही यादी ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या साध्या मजकूर-फायलीत असे. २००७ साली विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती ‘बूट कॉन्फिगरेशन डेटा’, संक्षेपाने ‘बीसीडी’, या संग्रहात ठेवली जाते. हा संग्रह साध्या फायलीप्रमाणे उघडून हाताने दुरुस्त करावयाचा नसतो. त्यासाठी विंडोजमध्येच दोन साधने दिलेली आहेत. त्यांची माहिती पुढे येईल.

४. शिळी नोंद का राहते

याची कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण असे की, जुनी विंडोज तशीच ठेवून डिस्कच्या दुसऱ्या विभागात नवी विंडोज बसविली जाते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. अशा प्रत्येक टप्प्यावर जुन्याशेजारी नवे बसविण्याची कामे होतात. पुढे कोणी जुना विभाग पुसून टाकतो आणि नाव मागे राहते.

दुसरे कारण म्हणजे लिनक्स. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय लागते. जुन्या यंत्रांत ती नसते. त्यामुळे त्यांवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसविण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सच्याच कुळातील आहे. दोन प्रणाली एकत्र ठेवल्या आणि नंतर एक काढली, की तिची नोंद उरते.

तिसरे कारण, अर्धवट राहिलेले नवीकरण. विंडोजची नवी आवृत्ती चढत असताना वीज गेली किंवा काम मध्येच थांबविले, तर यादीत ‘विंडोज सेटअप’ किंवा ‘विंडोज रोलबॅक’ अशी ओळ राहू शकते.

चौथे कारण, एकाच नावाची पुनरुक्ती. विंडोज १० दोनदा बसविली गेली की यादीत ‘विंडोज १०’ हे नाव दोनदा येते. दिसण्यात दोन्ही ओळी सारख्याच असतात. त्यामुळे येथे चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक.

५. पूर्वतयारी

खाली दिलेल्या चार गोष्टी केल्यावाचून नोंदीला हात लावू नये.

(अ) प्रथम चालू प्रणालीत संगणक नीट सुरू करावा. निकालपत्रके, विद्यार्थ्यांची माहिती, छायाचित्रे, पोषण आहाराचे हिशेब इत्यादी फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही, हे पाहावे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

(आ) जुन्या प्रणालीचा विभाग अद्याप शिल्लक आहे काय, हे पाहावे. ‘धिस पीसी’ उघडून प्रत्येक विभाग तपासावा. एखाद्या दुसऱ्या विभागातही ‘विंडोज’ नावाचा फोल्डर आढळला, तर जुनी प्रणाली तेथे आहे असे समजावे. विंडोज ७ किंवा त्यानंतरची प्रणाली असेल, तर वापरणाऱ्यांच्या फायली ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये असतात. एक्सपी असेल तर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये. बदली होऊन गेलेल्या शिक्षकांनी शाळेची वर्षानुवर्षांची कागदपत्रे डेस्कटॉपवरच ठेवलेली असतात, याचा विसर पडू देऊ नये.

(इ) पडद्यावरील यादीचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. कोणते नाव निवडले असता संगणक नीट सुरू होतो आणि कोणते निवडले असता संदेश येतो, हे कागदावर लिहून ठेवावे.

(ई) नव्या लॅपटॉपमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे कुलूप चालू असू शकते. ते चालू असता सुरुवातीच्या व्यवस्थेत फेरफार केल्यास संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली हाती नसेल तर फायलींपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून ‘सेटिंग्ज’मध्ये हे कुलूप चालू आहे काय ते पाहावे, असल्यास किल्ली प्रथम उतरवून घ्यावी आणि मगच पुढे जावे.

६. पहिली रीत : खिडकीतून नोंद काढणे

ही रीत सर्वांत निर्धोक आहे आणि बहुतेक वेळा पुरेशी होते.

कळफलकावरील विंडोजची कळ दाबून ठेवून ‘आर’ ही कळ दाबावी. एक लहान चौकट उघडेल. तीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ इंग्रजी अक्षरे मध्ये जागा न सोडता लिहून ‘एंटर’ करावे. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ नावाची खिडकी उघडेल. तिच्या माथ्यावर काही विभागांची नावे असतात. त्यांतील ‘बूट’ हा विभाग निवडावा. तेथे आरंभ-यादीतील विंडोज-नोंदी दिसतील.

आता प्रत्येक ओळ लक्षपूर्वक वाचावी. ज्या ओळीपुढे ‘करंट ओएस’ असे शब्द असतील, ती आपण या क्षणी वापरीत असलेल्या प्रणालीची ओळ होय. तिला कोणत्याही कारणाने हात लावावयाचा नाही. ‘डिफॉल्ट ओएस’ हे शब्द दुसऱ्याच ओळीपुढे असतील, तर प्रथम चालू प्रणालीची ओळ निवडून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ हे बटन दाबावे. केवळ एवढ्यानेही दर वेळी अडण्याचा त्रास थांबतो.

नंतर शिळी ओळ निवडून ‘डिलीट’ दाबावे, मग ‘अप्लाय’ व शेवटी ‘ओके’. संगणक पुन्हा सुरू करण्याविषयी विचारील, त्यास संमती द्यावी. यादीत आता एकच नाव उरले असेल, तर यादीच दिसणार नाही आणि संगणक थेट सुरू होईल.

याच खिडकीत ‘सेफ बूट’ इत्यादी चौकोन असतात. त्यांत खूण करू नये. ‘सेफ बूट’ची खूण राहिल्यास संगणक दर वेळी मर्यादित अवस्थेत सुरू होतो, आणि एक अडचण जाऊन दुसरी उभी राहते.

शिळी नोंद काढावी की नाही याविषयी मनात शंका असेल, तर ती तशीच राहू देऊन चालू प्रणाली डिफॉल्ट करावी आणि ‘टाइमआउट’ या चौकटीत ३० ऐवजी ५ हा आकडा लिहावा. नोंद राहील, पण तासिकेचा वेळ जाणार नाही. शंका फिटेपर्यंत हा मध्यम मार्ग चांगला.

७. दुसरी रीत : आज्ञा लिहून नोंद काढणे

पहिल्या रीतीने नोंद दिसत नसेल किंवा निघत नसेल, तरच या रीतीकडे वळावे. ‘स्टार्ट’ उघडून सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहावीत. ‘कमांड प्रॉम्प्ट’ असे नाव येईल. त्यावर माऊसचे उजवे बटन दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळी खिडकी उघडेल.

येथील आज्ञेचा मूळ शब्द बी, सी, डी, ई, डी, आय, टी या सात अक्षरांचा आहे. आपण त्यास ‘बीसीडीएडिट’ म्हणू. कळफलकावर तो इंग्रजी अक्षरांतच लिहावयाचा.

प्रथम संग्रहाची प्रत घ्यावी. पेन ड्राइव्ह जोडून त्याचे अक्षर कोणते ते पाहावे. ते ‘ई’ आहे असे समजू. मूळ शब्द लिहून एक जागा सोडावी. नंतर तिरकी रेघ आणि तिला लागून ‘एक्स्पोर्ट’ हा इंग्रजी शब्द लिहावा. पुन्हा एक जागा सोडून ई हे अक्षर, अपूर्णविराम, उलटी तिरकी रेघ आणि प्रतीला द्यावयाचे नाव असे क्रमाने लिहून ‘एंटर’ करावे. काम यशस्वीपणे पूर्ण झाले, अशा अर्थाचे वाक्य आले म्हणजे प्रत झाली. पुढे काही बिनसले, तर ‘एक्स्पोर्ट’च्या जागी ‘इम्पोर्ट’ लिहून हीच प्रत परत बसविता येते.

आता केवळ मूळ शब्द लिहून ‘एंटर’ करावे. नोंदींचे गट पडद्यावर दिसतील. पहिला गट ‘विंडोज बूट मॅनेजर’चा, म्हणजे यादी दाखविणाऱ्याचाच असतो, तो सोडून द्यावा. पुढील प्रत्येक गट ‘विंडोज बूट लोडर’ या मथळ्याखाली एकेका प्रणालीची माहिती देतो. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. ‘आयडेंटिफायर’ म्हणजे त्या नोंदीचा ओळखक्रमांक. ‘डिव्हाइस’ म्हणजे ती प्रणाली डिस्कच्या कोणत्या विभागात आहे ते. आणि ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे यादीत दिसणारे नाव. हजेरीपटावरील जनरल रजिस्टरचा क्रमांक, बसण्याची जागा आणि नाव यांसारखेच हे समजावे.

दोन नोंदींचे नाव एकच असेल, तर नावावर विसंबू नये. ज्या नोंदीच्या ओळखक्रमांकाच्या जागी महिरपी कंसात ‘करंट’ असे लिहिलेले असते, ती चालू प्रणालीची. ज्या नोंदीच्या ‘डिव्हाइस’पुढे ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, असे लिहिलेले असते, तिचा विभाग डिस्कवर उरलेला नाही असे जाणावे. हीच बहुधा शिळी नोंद होय.

तिचा ओळखक्रमांक महिरपी कंसात असतो. त्यात ३२ अंक व अक्षरे असून संयोगचिन्हांनी त्यांचे पाच गट पाडलेले असतात. हा क्रमांक हाताने उतरविण्याच्या भानगडीत पडू नये. माऊसने तो कंसांसह निवडून ‘एंटर’ दाबावे, म्हणजे त्याची नक्कल होते. मग मूळ शब्द, एक जागा, तिरकी रेघ व तिला लागून ‘डिलीट’ हा इंग्रजी शब्द, पुन्हा एक जागा, एवढे लिहून माऊसचे उजवे बटन दाबले की तो क्रमांक तेथे उमटतो. ‘एंटर’ करण्यापूर्वी तो पडद्यावरील मूळ क्रमांकाशी पुन्हा ताडून पाहावा. शक्य तर शेजारच्या शिक्षकाने वाचावे आणि आपण ताडावे, जसे निकालपत्रक तपासताना आपण करतो.

एक्सपीची नोंद थोडी निराळी असते. यादीत तिचे नाव ‘अर्लिअर व्हर्जन ऑफ विंडोज’ असे असते. तिच्या ओळखक्रमांकाच्या जागी महिरपी कंसात एन, टी, एल, डी, आर ही अक्षरे असतात. ती काढताना आज्ञेच्या शेवटी एक जागा सोडून तिरकी रेघ व ‘एफ’ हे अक्षर जोडावे लागते.

८. लिनक्सची नोंद

लिनक्सची यादी दाखविणारा कार्यक्रम निराळा असतो. त्यास ‘ग्रब’ म्हणतात. तो विंडोजच्या बीसीडी संग्रहात नसतो; म्हणून पहिल्या रीतीने तो दिसत नाही. येथे संगणक बायोस पद्धतीचा आहे की यूईएफआय पद्धतीचा, हे आधी ठरवावे लागते. विंडोजची कळ व ‘आर’ दाबून आलेल्या चौकटीत एम, एस, आय, एन, एफ, ओ ही अक्षरे व पुढे ३ आणि २ हे आकडे इंग्रजीत लिहावेत. उघडलेल्या तक्त्यात ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ असेल तर पद्धत जुनी. ‘यूईएफआय’ असेल तर नवी.

जुन्या पद्धतीत ग्रबचा आरंभीचा भाग डिस्कच्या अगदी पहिल्या खंडात असतो आणि उरलेला भाग लिनक्सच्या विभागात. लिनक्सचा विभाग आधी पुसला तर आरंभीचा भाग उरतो, पुढचा सापडत नाही आणि संगणक ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून थांबतो. मग विंडोजही सुरू होत नाही. म्हणून क्रम उलट ठेवावा. विंडोज बसविण्याच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायातून काळ्या खिडकीपर्यंत जावे. तेथे ‘बूटरेक’ हा शब्द, म्हणजे बी, ओ, ओ, टी, आर, ई, सी, एक जागा, तिरकी रेघ, आणि एफ, आय, एक्स, एम, बी, आर ही अक्षरे, अशी आज्ञा द्यावी. त्यामुळे डिस्कचा पहिला खंड पुन्हा विंडोजच्या ताब्यात येतो. विंडोज थेट सुरू होते याची खात्री झाल्यावरच लिनक्सचा विभाग काढावा.

नव्या पद्धतीत लिनक्सची नोंद यूईएफआयच्या स्वतःच्या स्मृतीत असते. प्रथम संगणक सुरू होताना योग्य ती कळ दाबून मूळ मांडणीत जावे. ही कळ यंत्रागणिक एफ-२, एफ-१०, डिलीट अशी निरनिराळी असते. तेथील क्रमवारीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिले स्थान द्यावे. बहुतेक शाळांचे काम एवढ्यावरच भागते. नोंद समूळ काढावयाची असेल, तर काळ्या खिडकीत मूळ शब्द बीसीडीएडिट, एक जागा, तिरकी रेघ व ई, एन, यू, एम, पुन्हा एक जागा आणि ‘फर्मवेअर’ हा इंग्रजी शब्द लिहावा. ज्या गटाचे नाव ‘उबुंटू’ किंवा तत्सम असेल, त्याचा ओळखक्रमांक वरील रीतीने डिलीट करावा. ‘ईएफआय’ नावाच्या लहान विभागात लिनक्सचा एक फोल्डर उरतो. तो फारशी जागा अडवीत नाही. त्याच विभागात विंडोजचाही आरंभ-कार्यक्रम असतो. म्हणून तो फोल्डर तसाच राहू द्यावा.

उलट प्रकार असेल, म्हणजे विंडोज काढली असून लिनक्सच्या यादीत तिचे नाव उरले असेल, तर लिनक्सच्या ‘टर्मिनल’ खिडकीत ‘सुडो’ हा शब्द आणि एक जागा सोडून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. यादी नव्याने लिहिली जाते आणि जे नाही त्याचे नाव गळून पडते. उबुंटूत ही सोय असते. यादीची फाइल हाताने मात्र बदलू नये. पुढच्या वेळी ती पुन्हा आपोआप लिहिली जाते व आपले श्रम व्यर्थ होतात.

९. काय करू नये

एक. नोंद काढली म्हणजे जागा मोकळी झाली, असे समजून जुना विभाग लगेच पुसू नये. एक्सपीशेजारी विंडोज ७ किंवा १० बसविलेल्या जुन्या यंत्रांत नव्या विंडोजचा आरंभ-कार्यक्रम व बीसीडी संग्रह कित्येकदा एक्सपीच्याच विभागात असतात. घर नवे, पण किल्ली जुन्या घरात, असा हा प्रकार आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ या खिडकीत ज्या विभागापुढे ‘सिस्टिम’ हा शब्द दिसतो, तो विभाग पुसल्यास नवी विंडोजही सुरू होणार नाही.

दोन. ‘रिकव्हरी’ व ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ या नोंदी शिळ्या नव्हेत. संगणक आजारी पडला असता त्यांचाच उपयोग होतो. त्या राहू द्याव्यात.

तीन. ‘विंडोज सेटअप’ ही ओळ दिसताच पुसू नये. नवीकरण चालू असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्यावे. ते पूर्ण होऊन, संगणक दोन-तीनदा नीट सुरू झाल्यावरही ओळ राहिली, तरच ती काढावी.

चार. लिनक्सचा विभाग विंडोजला वाचता येत नाही. तो फॉर्मॅट करावा काय, असे विंडोजने विचारल्यास ‘होय’ म्हणू नये. मुलांनी लिनक्समध्ये काढलेली चित्रे व लिहिलेले निबंध तेथे असतील, तर ते लिनक्स सुरू करूनच पेन ड्राइव्हवर घ्यावे लागतात.

पाच. वीज जाण्याचा संभव असेल, अशा वेळी हे काम हाती घेऊ नये. शाळा सुटल्यानंतरची निवांत वेळ निवडावी.

१०. काही बिघडल्यास

नोंद काढल्यानंतर संगणक सुरू झाला नाही, तर घाबरून पुन्हा विंडोज बसवू नये. तसे करताना शाळेच्या फायली जाण्याची भीती असते. नोंद गेली म्हणजे प्रणाली गेली नव्हे, हे वर सांगितलेच आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ या विनामूल्य साधनाने विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार करता येतो. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यातील पूर्वीचे सर्व पुसले जाते. त्यावरून संगणक सुरू करून ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर’ निवडावे आणि त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. पुष्कळदा संगणक आपली हरवलेली नोंद स्वतःच पुन्हा लिहितो. एवढ्याने काम झाले नाही, तर यंत्र बंद करून जाणत्या माणसास दाखवावे आणि आपण कोणती कृती कोणत्या क्रमाने केली, हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. रोग्याची हकिगत कळल्यावाचून वैद्याला औषध देता येत नाही.

११. नोंदवही व वर्गातील उपयोग

काम पूर्ण झाल्यावर संगणकासाठी ठेवलेल्या वहीत चार ओळी लिहाव्यात : दिनांक, यादीत पूर्वी असलेली नावे, काढलेले नाव, आणि प्रत कोठे ठेवली ते. आपली बदली झाली तरी पुढील शिक्षकास या चार ओळींचा आधार मिळेल. जडवस्तू-संग्रह नोंदवहीत संगणकाची किंमत व क्रमांक असतो. पण त्याच्या अंतरंगातील फेरफारांची हकिगत अन्यत्र कोठेही नसते.

या विषयाचा अध्यापनासही उपयोग करून घेता येईल. पाचवी ते सातवीच्या मुलांना हजेरीपटाचा दृष्टांत देऊन ‘वस्तू’ आणि ‘वस्तूची नोंद’ यांतील भेद समजावून द्यावा. ग्रंथालयातील पुस्तक व सूचीतील त्याचे नाव, शेत व सातबाऱ्यावरील नाव, अशी उदाहरणे मुले स्वतःच सांगू लागतील. खोडण्यापूर्वी खात्री करावी, प्रत ठेवावी आणि केलेले लिहून ठेवावे, ही शिस्त मुलांनी संगणकाच्या निमित्ताने शिकली, तर ती त्यांना पुढे कोणत्याही व्यवहारात उपयोगी पडेल. प्रत्यक्ष नोंद काढण्याचे काम मात्र शिक्षकानेच करावे. ते मुलांकडे सोपवू नये.

ज्या शाळांत ही अडचण आहे, त्यांनी प्रथम कलम ५ मधील तयारी पूर्ण करावी आणि कलम ६ मधील रीत योजावी. कलम ७ व ८ मधील कृती एकट्याने करण्याचा धीर होत नसेल, तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडावा. एका शाळेतील शिक्षकाने करून दाखविले की इतरांचे भय आपोआप कमी होते. कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला एखादा संगणक या माहितीच्या आधारे पुन्हा मुलांच्या हाती गेला, तर या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.